भरलेली चिंबोरी कोणाच्या ताटात

आमच्या घरात भरलेली चिंबोरी फक्त माझ्या ताटात पडायची. हा नियम मी केलेला नाही. माझ्या बापानेही नाही, तो त्याच्याही आधीचा. कोपरीच्या खाडीकाठी आमची घरं, आणि त्या घरांत पुरुष आधी जेवायला बसायचा. त्याच्या ताटात लाखेने, म्हणजे आतल्या पिवळ्या गाभोळीने, भरलेली मोठी चिंबोरी, तिचे जाड डेंगे, म्हणजे नांग्या. मागून बायका बसल्या की त्यांना बारीक पाय चोखायला आणि टोपाच्या तळाचा रस्सा. शहरातली माणसं चिंबोरीला खेकडा म्हणतात. खेकडा म्हटलं की निम्मी चव तिथेच जाते.

हल्ली नातू मोबाईलवर वाचून दाखवतो, अमुक खाल्लं की पुरुषाची ताकद वाढते, तमुक खाल्लं की बाईला मूल राहतं. मी चौथी पास आहे. पाचवीत मास्तरांशी पटलं नाही म्हणून मी शाळा सोडली. मला काढलं असं जे लोक सांगतात ते खोटं आहे. पण या विषयात मला मोबाईलची गरज नाही. मी खाऊनही बघितलंय आणि न खाऊनही बघितलंय.

ऐंशी सालानंतरची दोन-चार वर्षं गेलेली. मी वागळे इस्टेटीत एका कारखान्यात हेल्पर होतो आणि सुट्टीच्या दिवशी बापाची जुनी होडी घेऊन खाडीत जायचो. बायको माझी स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकायची. घरात तिसरी माझी आय. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली आणि पाळणा काही हलत नव्हता.

आयचं त्या बाबतीत स्वतःचं शास्त्र होतं. पुरुषाच्या अंगात गरमी भरायची आणि बाईच्या अंगातली काढायची, की मूल झालंच. त्यामुळे माझ्यात भरणं चालू होतं. सकाळी झाडावरून उतरवलेली ताडी, तिच्यावर कच्ची अंडी. दुपारच्या डब्यात सुकं मटण. रात्री चिंबोरी, नाहीतर सुक्या खोबऱ्यात परतलेली कालवं, नाहीतर चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांचं कालवण. निवटी चिखलात इतकी उडते, ती खाऊन माणूस नाही का उडणार, असा आयचा हिशेब. त्याच्या आधी नाक्यावर माझी देशी असायची, ती आयच्या शास्त्रात नव्हती, पण गरम असते म्हणून तिने तीही चालवून घेतली.

आणि बायकोतून काढणं चालू होतं. तिने स्वतःहूनच गावदेवीला नवस केलेला. मूल देवीच्या ओटीत घालेपर्यंत सोमवार, गुरुवार, शनिवार उपास, वर दोन्ही चतुर्थ्या आणि एकादश्या. म्हणजे अर्धा आठवडा तरी ती चहा, रताळं आणि शेंगदाण्यांवर. उरलेल्या दिवशी पायाचा रस्सा. दिवसभर चिंबोऱ्या विकायची, डेंगे वर धरून गिऱ्हाइकाला दाखवायची, कशी भरलेली आहे बघा म्हणायची, आणि स्वतः दुपारी शेंगदाणे चघळत बसायची.

आता मूल व्हायला काय काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात घोरणं बसत नाही. मी इतका गच्च जेवायचो की पाठ टेकली की गेलो. कधी जाग असलीच तरी शरीर ऐकायचं नाही. मनात असायचं, बाकी कुठे नसायचं. हे आज म्हातारा झालो म्हणून लिहितोय, तेव्हा कोणी तोंडावर विचारलं असतं तर त्याचे दात हातात दिले असते. आणि तिचं असं, की बाजारातून आली की भिंतीला टेकून डोळे मिटायची. हात लावला तर म्हणायची, आधी मला जरा बसूद्या. तिची पाळीसुद्धा कधी दोन-दोन महिने येत नव्हती, कधी आली की थांबत नव्हती. आय म्हणायची, बघ, गरमी. मग एक उपास वाढायचा.

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर घाटावरचा एक जण होता. त्याला पाच पोरं, म्हणून या विषयात त्याचा शब्द चालायचा. तो म्हणाला, तुम्ही खाडीवाले नुसतं पाण्यातलं खाता, त्याने काय होतंय, उडीद खा. गावाहून त्याने उडदाचे लाडू आणले, तुपात थबथबलेले, वर दुधात भिजवायला खारका. मी काही बंद न करता तेही चालू केलं. पँटचं बटण तुटलं. आयने ते शिवताना समाधानाने सांगितलं, अंगाला लागतंय.

मग कल्याणला गेलो. स्टेशनाबाहेर तेव्हा जडीबुटीवाले तंबू टाकून बसायचे. बाटल्यांत मुळ्या, एका बाटलीत तेलात बुडवलेला सरडा. मी आत जाऊन सांगितलं, माझ्या भावाला जरा त्रास आहे. तो म्हणाला, "सबके भाई को ही होता है. भाई को बोलो, पँट का बेल्ट ढीला करके बैठे." मी बसलो. त्याने नाडी बघितली, जीभ बघितली आणि एक चूर्ण दिलं, दुधातून घ्यायचं, वांगं आणि आंबट बंद. त्या चूर्णाने मी जे पळालो, कारखान्यात मला मशीनवरून हलवून संडासाच्या जवळच्या खात्यात टाकलं. आय म्हणाली, गरमी निघतेय. मी म्हटलं, तूच भरलीस ना, मग निघते कशाला? त्यावर ती रुसून बसली.

रुसून बसली आणि उठली ते ठरवून. होळीपर्यंत बघू, नाहीतर दुसरी आणू. डोंबिवलीच्या पलीकडच्या गावात नात्यातली एक मुलगी तिने बघूनही ठेवली होती. तेव्हा आमच्याकडे असं सर्रास बोललं जायचं, पहिलीच्या समोरच बोललं जायचं. बायको निसत होती मासळी. ऐकता ऐकता तिने शेपटीऐवजी आख्खा मासाच मांजराला टाकला. त्या रात्री मी नेहमीसारखा झोपलो नाही. मला दुसरी नको होती. का नको होती ते मी कोणाला सांगितलं नाही, अजूनही सांगणार नाही, पण नको होती.

दिवाळी झाली आणि बायको बाजारात कोसळली. आदल्या दिवशी शनिवार, म्हणून उपास; त्या दिवशी रविवारी एकादशी आली, म्हणून तोही उपास. उठून गिऱ्हाइकाला सुटे द्यायला गेली आणि तशीच पाटीवर पडली. शेजारच्या बायकांनी रिक्षात घालून ठाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला खाडीतून बोलावून आणलं. गुडघाभर चिखलात होतो तसाच गेलो.

बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, बोलणं शुद्ध. त्यांनी आधी बायकोला विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लंत? ती म्हणाली, चहा, रताळं, चहा. आणि परवा? भात आणि चिंबोरीच्या पायांचा रस्सा. मग माझ्याकडे वळल्या. मी सांगायला लागलो, आणि मला वाटतं जरा अभिमानानेच सांगायला लागलो, कारण घरात काही कमी आहे असं बाईंना वाटायला नको होतं. ताडीपासून सुरू करून उडदाच्या लाडवापर्यंत आलो तर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे घरातलं दोघांचं अन्न तुम्ही एकटेच खाता."

मी म्हटलं, मी कमावता माणूस आहे.

"आणि ह्या?"

"तीपण कमावते. पण तिला भूक नसते."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, तुम्ही दोघं जवळ कधी येता? मी म्हटलं, आमची एकच खोली आहे. त्या म्हणाल्या, तसं नाही विचारलं. भिंतीवर गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर होतं, मी ते बघत बसलो. खाटेवर बायको डोळे मिटून पडलेली, तिने डोळे न उघडता सांगितलं, "गणपतीच्या आधी एकदा आल्ते. तवापन मधीच झोपले."

त्या दिवशी आम्हा दोघांना तपासून, रक्त बघून बाई अर्धा तास बोलल्या. गरमी वगैरे काही नसतं म्हणाल्या. हिच्या अंगात रक्त नाही, रक्त नाही म्हणून पाळी धड नाही, अंगात त्राण नाही म्हणून इच्छाही नाही. रिकाम्या पोटाच्या शरीराला स्वतःचंच पुरत नाही, ते दुसरा जीव कुठून धरणार. आणि माझं उलटं. पोट सुटलेलं, रक्तदाब वर, साखर वेशीवर, रोजची दारू. रक्त जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही आणि दारू उरलंसुरलं झोपवते. मी म्हटलं, एवढी कालवं खातो ते? बाई म्हणाल्या, कालवं चांगलीच आहेत, पण ती ह्यांना द्या, त्यांना लोहाची गरज आहे. तुम्ही भाजी खा, दारू सोडा आणि रोज चाला. तीन-चार महिन्यांत फरक नाही पडला तर तपासण्या करू, पहिली तुमची. कसली तपासणी आणि ती कशी करतात हे त्यांनी सांगितलं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, तीन-चार महिने बघू.

औषधाच्या गोळ्या आणल्या, अर्धा डझन अंडी आणली, आणि घरी येऊन बायको म्हणाली, आज मी खाणार नाही, एकादशी हाय.

मी समजावलं, मग ओरडलो, मग परत समजावलं. ती नवसाची माणूस. देवीला बोललेय, मोडला तर जे व्हायचंय तेही होणार नाय. आयचा तिला पाठिंबा. सासू-सुनेचं आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या गोष्टीवर एकमत झालं ते माझ्या विरुद्ध. सोमवारी परत तेच. तेव्हा मी चपला घातल्या आणि गावदेवीच्या भगताकडे गेलो. भगत म्हणजे देवीच्या वतीने बोलणारा माणूस. त्याला म्हटलं, नवस रद्द कर. तो म्हणाला, नवस काय रेशनकार्ड आहे रद्द करायला? बोललेलं फेडावं लागतं. हां, घरातल्या दुसऱ्या कोणी उपास आपल्या अंगावर घेतला तर देवी चालवून घेते. तुझी आय घेईल?

आयने कळवलं, माझे गुडघे दुखतात. उपासाचा आणि गुडघ्यांचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, मी घेतो.

भगत आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं मी हसत नाहीये, तेव्हा अजून हसला. "तू? सोमवारी चिंबोरी नाय, शनिवारी दारू नाय? अरे, तुला बघून देवी देऊळ सोडून जाईल."

तो हसला नसता तर मी कदाचित विचार केला असता. आता विचार करायचं कारणच उरलं नाही. म्हटलं, लाव कौल. त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही पडेनात. गावातली माणसं जमली. भगत म्हणाला, देवीला तुझ्याविषयी शंका आहे. मी म्हटलं, मी उठणार नाही. पायांना मुंग्या आल्या, लोक चहा पिऊन परत आले, आणि शेवटी उजवी पाकळी पडली. मी फुंकर मारली असं भगत आजही म्हणतो. फुंकर मारलेली नाही. मला शिंक आलेली. शिंक अशुभ असेल तर असो, पाकळी पडली ना.

घरी येऊन सांगितलं, आजपासून तुझे सगळे उपास माझे. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी पिऊन आलोय का. मग जवळ येऊन वास घेतला. नव्हतो पिऊन.

पण गोष्ट तिथेच अडली, कारण ताट वाढायची आय. तिने शेंगदाणे माझ्यापुढे ठेवले, ठीक. पण भरलेली चिंबोरी सुनेला वाढेना. म्हणे, बाईमाणसाला ती सोसत नाय, अंगात गरमी झाली तर असलेलं पण जाईल. मी म्हटलं, असलेलं काय आहे? ती ऐकेना. टोपावर झाकण ठेवून त्याच्यावर हात ठेवून बसली. तेव्हा मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, तिला चिंबोरी वाढली नाहीस तर मी जेवणार नाही.

आय म्हणाली, "तुजा तसाबी उपासच हाय."

मी टोप तिच्या हाताखालून ओढला आणि स्वतः वाढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला वाढलं. अर्धा रस्सा जमिनीवर गेला, पण चिंबोरी बरोबर ताटात पडली.

बायकोने आधी लाजत खाल्ली. दुसऱ्या वेळी पदर खोचून. पंधरा दिवसांनी ती माझ्यासमोर मांडी घालून बसायची, डेंगा पाट्यावर ठेवून वरवंट्याने असा फोडायची की शिंतोडे माझ्या साबुदाण्यात. मग आतला पांढरा गर काढून, डोळे मिटून चोखायची. मुद्दाम आवाज करायची का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, आवाज केल्याशिवाय चिंबोरी खाता येत नाय, तुम्ही इतकी वर्षं काय गप खायचात?

मी उपास एकदाही मोडला नाही. एका शनिवारी नाक्यावर बटाट्याची भजी खाल्ली होती, पण बटाटा उपासाला चालतो, आणि बेसन चालत नाही हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. दारूचं तसंच झालं. उपासाच्या दिवशी चालायची नाही, आणि उपासाचे दिवस इतके, की मध्ये जो मोकळा दिवस यायचा त्यात पिऊन मजा यायची बंद झाली. कारखान्यात माझा डबा उघडायला लोक जमायचे. घाटावरचा म्हणाला, लेका, तू चतुर्थी करतोस, पुढच्या जन्मी चांगला नवरा पाहिजे का? मी त्याला सांगितलं, तुझ्यासारखा नको. मग मी लाडू परत केले, त्याचा त्याला राग आला, आणि दोन महिने आम्ही बोलत नव्हतो.

महिना-दीड महिना गेला आणि पँट घसरायला लागली. आयने तुटलेलं बटण जिथे शिवलं होतं, तिथून आत दुसरं शिवायला लागलं. कारखान्यातून मी चालत यायला लागलो, कारण नाक्यावर थांबायचं कारण नव्हतं. रात्री जागा राहायला लागलो. बायकोचं तर वेगळंच झालं. पहिल्यांदा नखं गुलाबी झाली, मग ती भांडायला लागली. आधी गिऱ्हाईक भाव पाडायचं तर ती गप द्यायची. आता तिचा आवाज फलाटापर्यंत जायचा. पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. संध्याकाळी आली की भिंतीला टेकायची सोडून माझ्या खोड्या काढायची. एकदा पोटावर बोट दाबून म्हणाली, "आवं, तुमचं पोट कुठं गेलं? काल होतं ना इथं."

आणि अडचण आता वेगळी झाली. खोली एक, आणि पडद्याच्या पलीकडे आय. पूर्वी मी घोरायचो म्हणून आय झोपायची. आता मी घोरत नव्हतो, तर तिला झोप येईना. इकडे जरा हालचाल झाली की ती खोकायची. तेव्हा मी एका रविवारी दुपारी जाहीर केलं की बायकोला खाडीत चिंबोऱ्या धरायला शिकवतो. लोखंडी रिंगेला जाळं बांधलेले फग होडीत टाकले, आमिषाला माशाची डोकी घेतली, आणि होडी आत तिवरांच्या झाडीत नेली, जिथे भरतीला कोणी येत नाही. फग काही आम्ही पाण्यात सोडले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही शिकवलं. त्याच्या पुढच्याही.

आय ओट्यावर बसून आमची रिकामी टोपली बघायची. शेवटी बोललीच. "दोघं जाता, दिवस घालवता, एक चिंबोरी नाय. तुजा बाप एकटा जायचा तर टोपली भरून आनायचा."

मी म्हटलं, खाडीत केमिकल सोडलंय. ते खरंही होतं.

पुढे आम्हाला मुलगी झाली, तेव्हा तिचं श्रेय घ्यायला रांग लागली. भगत म्हणाला कौल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या लोहाच्या गोळ्या आणि दारू सुटली ते. आय म्हणाली आधीची पाच वर्षं कालवं भरलेली ती उशिरा लागू पडली. घाटावरच्याने तर कारखान्यात पेढे मागताना माझे उडीद असं सांगितलं. बायकोचं मत वेगळं होतं, ते लिहिण्यासारखं नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, होळीच्या जवळच्या त्या रविवारचं.

आय शब्दाची पक्की. होळी जवळ आली आणि तिने डोंबिवलीकडच्या त्या मुलीच्या मामाला जेवायला बोलावलं. मला सकाळी सांगितलं. मी म्हटलं, येऊदे, जेवेल आणि जाईल. अमावस्या होऊन तीन-चार दिवस झालेले, म्हणजे अमावस्येला भरणाऱ्या चिंबोऱ्या अजून रिकाम्या झालेल्या नव्हत्या. आयने बाजारातून चांगल्या निवडून आणल्या, माझ्या बायकोच्याच पाटीवरून, आणि तिलाच रांधायला लावल्या. पाहुणा आला. जाडजूड माणूस, हातात घड्याळ, बोलणं मोठं. ताटं मांडली आणि आयच्या लक्षात आलं की आज विनायकी चतुर्थी. रविवार म्हणून पाहुणा खाणारा, आणि मी उपाशी.

मामाने माझ्या ताटाकडे बघितलं. वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. "तब्येत बरी नाय का?" मी म्हटलं, उपास आहे, चतुर्थीचा. आठवड्याला बाकीचेही असतात. त्याने विचारलं, पुरुषमाणसाला? मी म्हटलं, हो, बायकोचे आहेत, मी करतो. तेवढ्यात बायको आपलं ताट घेऊन येऊन बसली, आणि मी नेहमीप्रमाणे टोपातली सगळ्यात भरलेली चिंबोरी तिला वाढली. मामाच्या ताटात दुसऱ्या नंबरची होती. त्याने दोन्हींकडे बघितलं.

"आमच्या पोरीला असलं घर कसं चालंल? दाल्लाच उपाशी तर ती काय खाईल?" तो आयला म्हणाला. दाल्ला म्हणजे नवरा.

मी सांगितलं, "ती पण चिंबोरी खाईल. मला तिचे पण उपास करावे लागतील. मग मी जगायचो नाही."

आय मध्ये पडून काहीतरी सावरणार, तेवढ्यात बायकोने ताट हाताने पुढे सरकवलं. चिंबोरी फोडलीही नव्हती. "मना नको," ती म्हणाली. "वास सोसत नाय."

तिला वास सोसत नाही. जी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मासळीत बसते, जी तीन-चार महिने माझ्या डोळ्यांदेखत डेंगे फोडत होती, तिला. ती तोंडावर पदर धरून मोरीकडे गेली. मी घास हातात धरून बसलो. मामा खात होता. आय मात्र खात नव्हती, ती मोरीच्या दिशेने कान देऊन ऐकत होती. ऐकलं, उठली, आत गेली, बायकोला काहीतरी विचारलं. दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या.

आय बाहेर आली ती मामाकडे न बघता म्हणाली, जेवण झालं असेल तर तुम्हाला उशीर होईल. आणि उरलेल्यातलं थोडं कालवण डब्यात भरून त्याच्या हातात दिलं, म्हणजे त्याने काही बोलायचं कारण राहू नये. तो डबा परत आला नाही, त्यावर आय पुढे कैक वर्षं बोलत होती.

पाहुणा गेला. बायको भिंतीला टेकून बसलेली, पण पूर्वीसारखी नाही, जरा हसत. मी विचारलं, आता तरी उपास सुटले का माझे? ती म्हणाली, नवस मूल ओटीत घालेपर्यंत हाय. म्हणजे अजून सगळे महिने. मी हिशेब न करता मान हलवली.

मध्ये तिचं ताट तसंच. मोठी, जड, लाखेने तटतटलेली चिंबोरी. तिला सोसत नव्हती आणि मला चालत नव्हती. आमच्या घरात भरलेली चिंबोरी कोणाची नाही असं कधी झालेलं नव्हतं. मी ती उचलली आणि आयच्या ताटात ठेवली.

आय म्हणाली, मना कशाला, मना पाय पुरेत. मी म्हटलं, खा. ती कशी फोडायची ते तिला नीट जमेना. जन्मभर रांधली, पण फोडून खाल्ली ती कायम दुसऱ्यांनी. बायकोने वरवंटा पुढे केला. आयने कवच काढलं, बोटाने पिवळी लाख काढून तोंडात घातली आणि बोट परत कवचात घातलं.

"एवरी गोड असते होय?" ती म्हणाली. "तुज्या बापानं कदी सांगितला नाय."

बायकोने तोंडाला पदर धरूनच टोपातली राहिलेली एक काढली आणि तिच्या ताटात वाढली. आयने या वेळी नको म्हटलं नाही. मी शेंगदाणे खात बसलो.